पाण्यासारखी दिसणारी गाठ

प्रश्न : माझ्या आईचं वय ६९. अंघोळ करताना डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ तिच्या हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर तिनं कुणाला सांगितलंच नाही. मग मॅमोग्राफी केली. रिपोर्टमध्ये ‘गोलसर गाठ, कडा बऱ्याचशा स्पष्ट’ असं होतं. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरबाई बराच वेळ त्याच जागी यंत्र फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हाताला लागतेय, पण पडद्यावर सापडत नाहीये.’ पुढे एमआरआय झाला, तर त्यात गाठ पांढरीशुभ्र, पाण्याच्या गाठीसारखी. आम्ही मनातून निर्धास्त झालो होतो, कारण कॅन्सर वेडावाकडा, खेकड्यासारखा दिसतो असं वाचलं होतं. बायोप्सीत मात्र ‘म्युसिनस कार्सिनोमा’ निघाला. ऑपरेशन झालं, आई घरी आहे, बरी आहे. तीन तीन यंत्रांना जे दिसलं नाही ते एका सुईला कसं सापडलं? चूक यंत्राची की बघणाऱ्याची? दिसायला इतका सौम्य, तर तो असतोही सौम्य का? आणि आईचा एक प्रश्न : पुन्हा असाच लपून बसला तर?
— एक वाचक, चिपळूण (नाव छापू नये ही विनंती)

उत्तर : आधी त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरबाईंची बाजू घेते, कारण मीही त्याच जातकुळीची. खोलीत अंधार, समोर राखाडी पडदा, बोटाखाली गाठ स्पष्ट लागतेय आणि पडद्यावर तिथं काहीच वेगळं नाही, ही वेळ आमच्यापैकी प्रत्येकावर येते. अशा वेळी ‘काही नाही’ असं लिहून मोकळं होणं फार सोपं असतं. त्या फिरवत राहिल्या, हे तुमच्या आईचं भाग्य.

आता मूळ मुद्दा. यंत्रांना गाठ दिसली नाही, असं झालेलंच नाही. तिन्ही यंत्रांनी जे होतं तेच दाखवलं. त्या गाठीत खरोखरच बहुतांश पाणी होतं.

घरी सब्जा असेल तर चमचाभर वाटीत भिजत घाला. अर्ध्या तासात प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत वेष्टण तयार होतं. वाटी भरल्यासारखी दिसते, पण त्यात बी किती आणि बुळबुळीत गर किती, ते पाहा. म्युसिनस कार्सिनोमाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जवळजवळ हेच दिसतं. फिकट रंगाचं मोठं तळं, आणि त्यात बेटांसारखे तरंगणारे पेशींचे छोटे छोटे पुंजके. कॅन्सर आहे तो त्या पुंजक्यांत. बाकीचं सगळं त्या पेशींनीच बाहेर सोडलेलं म्युसिन. आपल्या लाळेत, नाकातल्या शेंबडात, जठराच्या आतल्या अस्तरावर असतो तोच हा पदार्थ : लांबलचक प्रथिनं, त्यांना साखरेच्या साखळ्यांची झालर, आणि त्या झालरीत धरून ठेवलेलं भरपूर पाणी. ऑपरेशननंतर अशी गाठ मधोमध कापली तर आतला भाग ओलसर चकाकतो आणि सुरीला चिकटतो. गाठीच्या ९० टक्क्यांहून अधिक भागात हे असं चित्र असेल तरच तिला ‘शुद्ध’ म्युसिनस म्हणायचं, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचा दंडक आहे. त्याहून कमी असेल तर ती ‘मिश्र’. हा शब्द तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये शोधून ठेवा, पुढे लागणार आहे. स्तनाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हा प्रकार शंभरात दोनच्या आसपास, आणि बहुतेक वेळा साठी-सत्तरीतल्या बायकांमध्ये.

तुम्ही वाचलेला खेकडा खोटा नाही. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचं नाव दिलं, आपल्या ‘कर्करोगा’तही तोच कर्क आहे. नेहमीचा स्तनाचा कॅन्सर आजूबाजूच्या भागात घुसतो तेव्हा शरीर त्याच्याभोवती तंतूंचा चिवट व्रण विणू लागतं. ते तंतू आक्रसतात, शेजारचं मांस, कधी वरची त्वचा, कधी बोंड आत ओढून घेतात. गाठ दगडासारखी कडक लागते ती त्यामुळे, आणि फिल्मवर तिच्यातून काटे निघालेले दिसतात तेही त्यामुळेच. खेकड्याचे पाय म्हणजे त्या ओढाताणीच्या खुणा. म्युसिनस गाठ ओढत नाही, ढकलते. आत गर साचत जातो, गाठ फुगते, शेजारचं मांस बाजूला सरकतं. भोवती व्रण फारसा विणला जातच नाही, मग काटे येणार कुठून? हाताला ती कधी कधी इतकी मऊ लागते, की तपासणाऱ्यालाही ही चरबीचीच गाठ वाटावी.

एवढं एक लक्षात ठेवलं, पाणी भरलेली आणि ढकलणारी गाठ, की तिन्ही तपासण्यांचा उलगडा होतो.

मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रेच. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून, एक तिरका. (दाबतात का, असं प्रत्येक बाई चिडून विचारते. मांस जितकं पातळ पसरेल तितकं एकावर एक कमी चढतं, हलत नाही आणि किरणंही कमी लागतात.) चरबी फिल्मवर काळी, ग्रंथी पांढरट, कॅन्सर पांढरा. आता ग्रंथी आणि पाणी या दोन्हींतून क्ष-किरण साधारण सारखेच जातात. त्यामुळे गराने भरलेली गाठ ठसठशीत पांढरी न दिसता फिकट, सौम्य दिसते. आकार गोल किंवा लांबट, कडा रेखीव. निम्म्या फिल्मांत तिच्यावर ग्रंथीची सावली चढलेली असते, मग तेवढीही दिसत नाही. मात्र तीच कडा मोठी करून पाहिली, तर काही वेळा तिला बारीक बारीक फुगवटे असतात, सीताफळाच्या पाठीसारखे. पेरूसारखी गुळगुळीत कडा आणि सीताफळासारखी कडा, एवढ्या फरकावर पुष्कळदा पुढचं सगळं ठरतं. तुमच्या रिपोर्टमधल्या ‘बऱ्याचशा स्पष्ट’ या शब्दांकडे पुन्हा पाहा. लिहिणाऱ्याला कडेचा कुठला तरी एक तुकडा पटलेला नव्हता.

इथे थोडं विषयांतर करते. स्तनाचा कॅन्सर एक्स-रेत कसा दिसतो, हे पहिल्यांदा पद्धतशीर पाहिलं ते बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन या सर्जननं. रोग्यांवर नव्हे, तर ऑपरेशन करून काढलेल्या सुमारे ३००० स्तनांवर. १९१३ साली त्यानं ते प्रसिद्ध केलं. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा अठरा वर्षं झाली होती. सालोमन ज्यू होता. नाझी राजवटीत त्याचं काम सुटलं आणि देशही सुटला. त्याची चित्रकार मुलगी शार्लोट १९४३ मध्ये आउशवित्झला मारली गेली. तिची चित्रं आज जगभर माहीत आहेत, बापाचं नाव आम्हा रेडिओलॉजिस्टांपैकीही थोड्यांना ठाऊक असतं. त्याच्या शोधाचा जिवंत बायकांसाठी सर्रास उपयोग व्हायला मध्ये अर्धं शतक जावं लागलं.

तर, सोनोग्राफी. तुमच्या आईच्या गाठीनं सगळ्यात मोठी फसवणूक केली ती इथे.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी असते, त्यामुळे पुष्कळ बायकांना ही तपासणी फक्त पोटाची वाटते. स्तनासाठी वापरतात त्या प्रोबमधून सेकंदाला एक कोटीच्या आसपास कंपनांचा आवाज आत जातो. आपला कान वीस हजारांपर्यंतच ऐकतो. हा आवाज आतल्या थरांवर आपटून परत येतो आणि त्याचं चित्र बनतं. यात चरबी मधल्या राखाडी रंगाची दिसते, तीच आमची मोजपट्टी. नेहमीचा कॅन्सर तिच्यापेक्षा गडद, जवळजवळ काळा दिसतो. साधी पाण्याची गाठ तर शाईसारखी काळी, कारण निव्वळ पाण्यात आवाज परत फिरवणारं काही नसतंच. म्युसिनस गाठीत मात्र गराची असंख्य छोटी तळी, त्यांच्यामधले पातळ पडदे, तरंगणारे पुंजके. प्रत्येक सीमेवर थोडा थोडा आवाज परत फिरतो. या सगळ्याची बेरीज होऊन जी राखाडी छटा बनते, ती नेमकी चरबीच्या छटेशी जुळते. पांढऱ्या भिंतीवर पांढरी पाल. तुमच्या डॉक्टरबाईंना गाठ सापडत नव्हती ती यामुळे.

मग सापडते कशी? बहुधा गाठीकडे न बघता गाठीच्या मागे बघून. आवाज जसा खोल जातो तसा क्षीण होतो. यंत्राला हे ठाऊक असतं, म्हणून खोलवरून आलेला आवाज ते आपोआप वाढवून दाखवतं. पण वाटेत पाणी लागलं, तर आवाज फारसा क्षीण होत नाही, आणि यंत्र मात्र सवयीनं वाढवतंच. परिणामी पाणथळ गाठीच्या खाली एक उजळ पट्टा दिसतो. कडक कॅन्सरच्या खाली याच्या उलट, काळी सावली. म्युसिनस गाठ स्वतः चरबीत विरघळून गेलेली असते, पण तिच्या पाठीमागचा उजेड तिला उघडं पाडतो. मी अशा वेळी बाईंनाच सांगते, तुमचं बोट गाठीवर ठेवा. मग बोट आणि कातडी यांच्यामध्ये प्रोबची कड सरकवायची आणि हलकेच दाबायचं. चरबी दाबल्यावर पसरते, गाठ अख्खीच्या अख्खी सरकते. स्थिर चित्रात न दिसणारी कडा हलताना दिसते. हे काम घाईत होत नाही, आणि दिवसाला साठ तपासण्या असतील तर मुळीच होत नाही.

गंमत अशी, की हा उजेडाचा पट्टा हे आमच्या पुस्तकांत सौम्य गाठीशी जोडलेलं लक्षण आहे. १९९५ साली थॉमस स्टॅव्ह्रॉस या अमेरिकन रेडिओलॉजिस्टनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ७५० घट्ट गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि सोनोग्राफीवर साधी गाठ आणि कॅन्सर वेगळे ओळखायचे निकष दिले. आजही आम्ही त्याच निकषांच्या आधारे विचार करतो : गाठ आडवी आहे की उभी, कडा कशी, आत रंग कोणता. त्या निकषांवर ४२४ गाठी साध्या ठरल्या. त्यांतल्या दोन साध्या नव्हत्या. ४२४ मध्ये दोन म्हणजे निकष उत्तमच, वाद नाही. पण रोज पडद्यासमोर बसणाऱ्याला झोपताना आठवतात त्या दोन.

एमआरआयमध्ये पालथं झोपवतात, स्तन दोन खाचांमध्ये खाली लोंबते राहतात, आणि यंत्र पाऊण तास कुणी पत्र्यावर हातोडा मारावा तसं वाजत राहतं. तुमच्या आईंनी या वयात ते सोसलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यातल्या ‘टी-टू’ नावाच्या चित्रांत पाणी पांढरंशुभ्र दिसतं. बहुतेक कॅन्सर पेशींनी गच्च भरलेले असतात, मोकळं पाणी कमी, म्हणून या चित्रांत ते मळकट दिसतात. त्यावरून आमच्यात एक अंगवळणी पडलेला समज आहे, टी-टूवर झगझगीत असेल तर घाबरू नका. म्युसिनस हा त्या समजाचा ठरलेला अपवाद. पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात हे दाखवणारी एक वेगळी चित्रमालिका असते, तिथेही तो फसवतो. गच्च गाठीत पाणी अडकून पडतं, इथे गरात ते बऱ्यापैकी हिंडतं, आणि आकडा साध्या गाठीचा येतो.

खरी परीक्षा शिरेतून औषध दिल्यावर होते. निव्वळ पाण्याच्या गाठीच्या पोटात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे औषध आत शिरत नाही. ती अंधारीच राहते. नेहमीचा आक्रमक कॅन्सर दीड-दोन मिनिटांत औषध शोषून उजळतो आणि लगेच सोडूनही देतो. म्युसिनस तिसऱ्याच चालीनं जातो. आधी फक्त काठ उजळतो, आतले पडदे रेघारेघांनी उजळतात, मधला गर काळाच, आणि मग मिनिटामिनिटानं उजेड हळूहळू चढत राहतो. ही संथ चढण पुन्हा साध्या गाठींची. पण पाण्याच्या गाठीत पडदे उजळत नसतात, हेही तितकंच खरं. तुमच्या आईच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पांढरी’ या शब्दापाशी तुम्ही थांबलात. त्याच्या पुढच्या एक-दोन ओळींत काठाचा उल्लेख असणार, पैज लावते. जाता जाता, पेटस्कॅनलाही या गाठी फिक्या दिसू शकतात. तिथे साखर खाणाऱ्या पेशी मोजल्या जातात आणि इथे पेशीच मूठभर.

चूक कुणाची, या प्रश्नाकडे येते. तुमच्या आईच्या बाबतीत कुणाचीच नाही, कारण सगळे पुढचं पाऊल टाकत गेले. पण ही गाठ चुकवते, आणि मी चुकले आहे.

सत्तरीच्या एक बाई होत्या. गोरगरीब नव्हत्या, निष्काळजीही नव्हत्या. नेहमीची तपासणी म्हणून आलेल्या. मॅमोग्राफीत मसुराच्या दाण्याएवढी गोल, फिकट गाठ. सोनोग्राफीत मला ती धड दिसली नाही. मी लिहिलं : साधी गाठ वाटते, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आमच्याकडे ‘बायरॅड्स’ नावाची क्रमवारी आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं ठरवलेली. त्यातला तिसरा क्रमांक म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, थांबून पाहायला हरकत नाही. चौथा म्हणजे तुकडा तपासा. मी तीन दिला. ‘साधी वाटते’ एवढं ऐकून बाई गेल्या त्या चार वर्षांनी आल्या, तेव्हा मसुराचा आवळा झाला होता. जुनी फिल्म प्रकाशाच्या पेटीवर शेजारी लावली. तीच जागा, तोच गोल. काखेतल्या गाठी सुदैवानं स्वच्छ निघाल्या.

मी काय पाहिलं नव्हतं? फिल्मवर जे होतं ते सगळं पाहिलं होतं. फिल्मच्या कोपऱ्यात छापलेलं वय पाहिलं नव्हतं. गोल, रेखीव, सरकणारी गाठ पंचविशीतल्या मुलीच्या स्तनात असेल तर ती बहुधा फायब्रोअॅडिनोमा, म्हणजे निरुपद्रवी. या गाठी संप्रेरकांवर पोसतात, पाळी गेली की त्या सुकतात, चुनखडी धरतात. पाण्याच्या गाठीही पाळी गेल्यावर विरळ होतात. मग सत्तराव्या वर्षी नवी, मऊ, गोल गाठ उगवते ती कुठून? तेच चित्र, पण वीस वर्षांच्या मुलीत त्याचा अर्थ एक आणि आजीत दुसरा. चित्र वाचायला शिकवणारी पुस्तकं ढीगभर आहेत, हे एवढं मला त्या बाईंनी शिकवलं. तेव्हापासून साठीपुढची नवी गोल गाठ मी तीन क्रमांकात ठेवत नाही. काही सहकारी म्हणतात, तू उगाच सुया टोचायला लावतेस. टोचायला लावते खरी.

सुईचं असं आहे, की चित्र म्हणजे सावली आणि सुई म्हणजे प्रत्यक्ष ऐवज. जाड सुईनं काढलेला शेवयासारखा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला की प्रश्न मिटतो. बारीक सुईनं ओढलं तर सिरिंजमध्ये चिकट, तार सुटणारा गर येतो. भेंडी चिरताना बोटांना लागतो तसा. तो पाहूनच अनुभवी पॅथॉलॉजिस्टच्या भुवया वर जातात. मात्र एक अडचण आहे. सब्ज्याच्या वाटीतून ड्रॉपरनं थेंब उचलला तर कधी नुसता गरच येईल, बी येणारच नाही. तसंच इथेही, कधी नुसतं म्युसिन येतं आणि पेशी सापडत नाहीत. अशा रिपोर्टवर ‘कॅन्सरच्या पेशी नाहीत’ हे वाक्य असतं, नातेवाईक पेढे वाटायच्या तयारीत असतात, आणि आम्ही म्हणतो पुन्हा तुकडा घ्या किंवा गाठच काढून टाका. गर आपोआप तयार होत नाही, तो कुणीतरी सोडलेला असतो. तो सोडणारं निरुपद्रवीही असू शकतं, पण ते सिद्ध व्हावं लागतं.

दिसतो तसा सौम्य असतो का? शुद्ध असेल तर, हो, बऱ्याच अंशी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्याबद्दल आम्ही मोकळेपणानं चांगलं बोलतो त्यांतला हा एक. शुद्ध प्रकारात दहा वर्षांनंतर या रोगातून वाचलेल्या बायकांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. तो हळू वाढतो, काखेत क्वचित जातो, आणि बहुतेक वेळा हार्मोनच्या गोळ्यांना दाद देतो. आणखी एक दिलासा असा, की गाठ सुपारीएवढी असली तरी त्यातला कॅन्सर सुपारीएवढा नसतो, बाकी सगळा गर. जे पाणी आम्हाला चित्रात फसवतं तेच गाठीचा आकारही फुगवून दाखवतं. पण गाठ मिश्र असेल, तर हे सगळं बोलणं सावधपणे घ्यायचं. तिच्यातला नेहमीचा कॅन्सर आपल्या नेहमीच्या वळणानं जातो, आणि चित्रातही कुठेतरी काटे डोकावतातच. उपचार काय आणि किती, हे तुमच्या सर्जननी आणि कॅन्सरतज्ज्ञांनी रिपोर्ट पाहून ठरवलेलं असेल. सदरात बसून त्यात मी लुडबुड करणार नाही.

आता आईंचा प्रश्न : पुन्हा लपून बसला तर? आईंना सांगा, पहिल्यांदा तो लपला कारण त्याच्याशी ओळख नव्हती. आता त्यांच्या फायलीत त्याचं नाव, जागा आणि चेहरा, तिन्ही आहे. वर्षातून एकदा मॅमोग्राफी होईल, दोन्ही बाजूंची, बघणाऱ्याला आधी सांगून ठेवायचं की मागची गाठ म्युसिनस होती. एवढ्यानं बघणाऱ्याची नजर बदलते. गोल आणि फिकट दिसलं तरी तो निवांत होणार नाही.

आणि एक काम तुमच्यासाठी. आपल्याकडे फिल्मा कपाटावर, वाण्याच्या पिशवीत, लग्नाच्या अल्बमखाली असतात. घर रंगवायला काढलं की रिपोर्टाचा कागद जपला जातो आणि फिल्मा रद्दीत जातात. करायचं याच्या उलट. कागदावर एकाचं मत असतं, फिल्मवर गाठ असते. मसुराचा आवळा झाला हे मला कळलं ते जुनी फिल्म त्या बाईंच्या सुनेनं जपून ठेवली होती म्हणून. हल्ली सीडी देतात. ती घरी आणल्या दिवशीच कुणाच्या तरी संगणकात घालून उघडते का पाहा, नाहीतर त्याच आठवड्यात परत जाऊन दुसरी मागा. सगळं एका जाड पाकिटात, वर तारीख आणि कुठली बाजू ते मोठ्या अक्षरात. तपासणीला जाताना पाकीट आईंच्या हातात असू द्या, तुमच्या नको. तुम्ही बाहेर बसणार, आत त्याच जाणार.